पांढऱ्या गळ्याचा सिलिंडर

कॉम्प्रेसर फुटला तेव्हा मेकॅनिकची कॉलर माझ्या मुठीत होती.

मी त्याला मागं ओढत होते आणि तो ओरडत होता, "अवो मावशी, सोडा की, काय करून राहिलात..." त्याचं बोलणं पुरं झालं नाही. आवाज मला आठवतच नाही. आठवतो तो छातीत बसलेला धक्का. एसीच्या बाहेरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण उडालं आणि कठड्यावरून खाली रस्त्यावर गेलं. आतलं तेल पेटून उडालं. आम्ही दोघं पाण्याच्या सिमेंटच्या टाकीमागं पडलो, तो खाली आणि मी त्याच्यावर. त्याच्या भुवया जळाल्या. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, ती नंतर थांबली, पण तिच्याबरोबर कानही बंद पडला.

मेकॅनिक उठून जिन्याकडं पळाला. "चला मावशी, पळा!" असं तो म्हणत असावा, तोंड हलत होतं. मी उलट्या बाजूला गेले. तिथं सिलिंडर उभा होता, काळा, वर पांढऱ्या गळ्याचा. त्याची नळी टोकाला पेटली होती आणि फुसफुसत होती. सिलिंडर अजून चालू होता. मी आधी पदर कमरेला गच्च खोचला, कारण त्या गॅसपुढं लुगडं कापसासारखं पेटतं. मग उघड्या हातानं चावी फिरवली. तळहाताची कातडी चावीला चिकटून निघाली. नळी विझली.

मी शूरवीर काही नाही. तो सिलिंडर मालकांचा होता, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. खालच्या खोलीत त्यांच्या नाकाला जो लावला होता तो संपत आला होता आणि घरात दुसरा हाच होता. नळीतून जळत होता तो त्यांचा श्वास होता. मग मी पळणार कुठं?

हे कसं झालं ते मी स्वतः लिहून ठेवते. कारण नंतर गल्लीत आणि पाहुण्यांत याच्या बऱ्याच गोष्टी झाल्या. कुणी म्हणालं उन्हानं फुटला, कुणी म्हणालं म्हातारीनं मधी हात घातला म्हणून फुटला. दोन्ही खोटं आहे.

मी चौथी शिकले, देवणीच्या बाजूच्या खेड्यात. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं म्हणून शाळा संपली. लग्न होऊन लातूरला आले. मालक फ्रीज आणि कूलर दुरुस्त करायचे, पुढं एसीही करायला लागले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मी भाकरी थापायची, हात धुवायची आणि पुढं जाऊन पाना धरायची. आधी पाना धरला, मग तार गुंडाळून मोटारी भरल्या, मग तांब्याच्या नळीला साबणाचा फेस लावून गळती शोधायला शिकले. गळती शोधण्यात माझा हात मालकांपेक्षा चांगला होता, हे मालक गिऱ्हाइकांसमोर सांगायचे. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. दाबाचा काटा वाचायला चौथी पुरते.

एसीत एक गोष्ट समजली की अर्धं काम कळतं. त्यातला गॅस वापरून संपत नसतो. एक डबा घरात, एक बाहेर, मधी दोन तांब्याच्या नळ्या, आणि तोच गॅस त्यात वर्षानुवर्षं गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. जो मेकॅनिक भोक न शोधता गॅस भरतो तो फुटक्या रांजणात पाणी ओतून जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ओतायला येतो.

भोक शोधायचं तर नळीत दाब लागतो. त्यासाठी नायट्रोजन भरतात. नायट्रोजनचा सिलिंडर राखाडी रंगाचा, काळ्या गळ्याचा. तो गॅस कशात पडत नाही, पेटत नाही, पेटवत नाही. काळा सिलिंडर, पांढऱ्या गळ्याचा, तो ऑक्सिजन. आमच्या दुकानात दोन्ही असायचे, कारण नळ्या झाळून जोडायला ऑक्सिजन लागतो. पहिल्याच महिन्यात मालकांनी मला सांगितलं होतं की पांढऱ्या गळ्याला तेलाचा हात लावायचा नाही. "तेल आणि हा, दोघं एका जागी आले की काडी लागत न्हाई." कॉम्प्रेसरच्या पोटात तेलच असतं. बाकी मी काय सांगायचं?

तीसेक वर्षं झाळकामाचा धूर आणि त्यावर बिड्या, मालकांची फुफ्फुसं गेली. लातूरचं दुकान बंद केलं आणि आम्ही नांदेडला मुलाकडं आलो. मुलगा कचेरीत कारकून आहे, तिसऱ्या मजल्यावर घर, वर गच्ची आपलीच. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यात खोली गार ठेवा, यांना उकाडा झाला की दम लागतो आणि दम लागला की ऑक्सिजन जास्त जातो. म्हणून एसी आणला. पहिल्या उन्हाळ्यात चालला. दुसऱ्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. यंदा मे महिन्यात पुन्हा नुसता वारा यायला लागला.

मेकॅनिक आला तो चाळिशीचा माणूस होता. बोलायला गोड. वर गच्चीवर डबा उघडला, काटा लावला आणि म्हणाला, "गॅस कमी हाय मावशी. भरून टाकतो, अर्ध्या तासाचं काम."

"मागच्या वर्षी दोनदा भरला," मी म्हणाले. "गेला कुठं?"

"जातो की थोडाथोडा."

"माझा कुठं जात न्हाई मग फ्रीजमधला? वीस वर्षं झाली."

तो हसला. "फ्रीज येगळा, एसी येगळा."

"न्हाई येगळा. आधी भोक शोध, मग भर. नायट्रोजन आण."

मुलगा मागंच उभा होता. त्याला मेकॅनिकसमोर लाज वाटत होती. "आई, त्यांना करू दे ना त्यांचं काम. तू खाली बस."

"तू बस खाली," मी म्हणाले. "तुझ्या बापाची खोली हाय म्हणून मी वर हाय."

मेकॅनिकनं मान हलवली. नायट्रोजन गोडाऊनला आहे म्हणाला, सिलिंडर माणसाएवढा उंच, सीझनमध्ये तीन-तीन जिने कोण चढवणार. मी म्हणाले, मग उद्या आण, पण न शोधता भरायचं नाही. यावर तो म्हणाला, "बरं मावशी, तुमचंच खरं. चेक करू. आधी जरा चहा तरी पाजा."

आणि मी चहा करायला गेले.

माझी चूक विचाराल तर ती ही. घरी काम करायला आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय राहायचं नाही, हे आमच्या हाडात बसलंय. लातूरला मालक कुणाच्या घरी गेले आणि चहा मिळाला नाही तर आठ दिवस बोलत. त्यानं चहा मागितल्यावर मला वाटलं, मानलं यानं. ते मानणं नव्हतं. मला गच्चीवरून घालवायचं होतं, आणि चहा म्हटल्यावर बाई जाते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आधण आलं, साखर घातली, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी राहिले. तेवढ्यात तो खाली आला आणि मालकांच्या खोलीतला कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर बघून मुलाला म्हणाला, हाच घेऊ जरासा, दाबच तर द्यायचाय. मालक झोपेत होते. मुलानं विचारलं, चालतो का हा? त्यावर मेकॅनिकनं जे उत्तर दिलं ते मुलानं मला नंतर सांगितलं: "साहेब, माणसाला चालतो, मग मशीनला का न्हाई चालणार? दवाखान्याचा माल हाय, एकदम शुद्ध."

मुलगा बी. कॉम. झालेला आहे. त्याला ते पटलं. दोघांनी मिळून सिलिंडर वर नेला. मेकॅनिकच्या नायट्रोजनच्या काट्याचा आटा, म्हणजे पेच, त्याला बरोबर बसला, मग तर दोघांची खात्रीच झाली.

मुलगा खाली येऊन बापापाशी बसला. मी चहा घेऊन जिना चढले. वरच्या पायरीवरून बघितलं तर पांढरा गळा. नळी थेट बाहेरच्या डब्यात गेलेली, काटा चढलेला. मेकॅनिकच्या हातात दोन वायरी होत्या. दाब सगळीकडं फिरावा म्हणून तो कॉम्प्रेसर डायरेक्ट चालू करत होता.

कप मी पायरीवर ठेवला. ओरडले की नाही आठवत नाही. घुर्रर्र सुरू झालं तेव्हा मी त्याच्यापर्यंत पोचले होते. पुढचं वर लिहिलंय.

सिलिंडर एकेक पायरी टेकवत खाली आणला, तर मुलगा दारात भिंतीला धरून उभा. लाइट गेली होती, पंखा बंद. मालक उशीला टेकून बसलेले, मास्क लावलेला, छाती भात्यासारखी. त्यांच्या सिलिंडरचा काटा लाल रंगात शिरला होता. मी आणलेल्याचा काटा वरच बघून घेतला होता. पाव भागापेक्षा थोडा जास्त उरला होता. सकाळी तो गच्च भरलेला होता.

"गाडी काढ," मी मुलाला म्हणाले. "भरलेला घेऊन ये. दोन मिळाले तर दोन."

"आई, तुझा हात..."

"हात इथंच हाय. तू जा."

तो गेला. मेकॅनिकचा काटा मी वरच काढून फेकला होता. कापड नवं घेतलं, सिलिंडरचं तोंड कोरडं पुसलं, आधीच्यावरचा काटा काढून याच्यावर चढवला. तळहातातून पाणी निघत होतं म्हणून पाना घसरत होता. ती दोन मिनिटं मालक बिनहवेचे होते. ओठ निळे पडले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, आट्याकडं बघितलं. बसला. मास्कच्या नळीवरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे यायला लागले.

मग ते बोलले. मास्कमधून आवाज रांजणातून आल्यासारखा यायचा.

"कॉम्प्रेसर?"

"हाव."

"कशानं?"

मी सिलिंडरवर बोट ठेवलं. "याच्यानं. मशीनमधी भरला."

"कोण गाढव?"

"दोन गाढवं. एक जिन्यात बसलंय. एक तुमचंच हाय, ते सिलिंडर आणायला गेलंय."

ते हसायला लागले आणि हसण्यानं खोकला सुटला. मी रागावले. हसायला हवा जास्त लागते, आणि ती मोजून होती.

खोली तापत चालली. ओली चादर खिडकीला बांधली. वर्तमानपत्रानं वारा घालत बसले, पण जळका हात वळेना. तेवढ्यात मेकॅनिक आत आला. भुवया नाहीत, शर्ट छातीवर जळलेला. त्यानं माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं आणि वारा घालायला लागला. मी त्याला जा म्हणाले नाही. बस पण म्हणाले नाही. काटा खाली येत होता, आम्ही दोघं काट्याकडं बघत होतो. एवढ्या वेळात तो एकदाच बोलला. "मावशी, मला खरंच ठाव नव्हतं."

"ठाव नव्हतं ते चालतं," मी म्हणाले. "मी सांगत होते ते ऐकलं न्हाईस, ते चालत न्हाई."

काटा लाल रंगाला टेकला त्यानंतर किती वेळ गेला माहीत नाही. उन्हं खिडकीतून उतरली होती. जिन्यात सिलिंडर आपटल्याचा आवाज आला. मुलानं दोन आणले होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकच्या दुकानाचे शेठ आले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात फळांची पिशवी. आमच्या उदगीरकडचे, बोलण्यावरून कळलं. मुलाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. मी म्हणाले, "इकडं बोला. माझा एकच कान चालतो."

"मावशी, झालं ते वाईट झालं. पण ऊन केवढं हाय बघताय ना. मशीन तापतं आन् फुटतं. शिवाची शपथ, आमच्या माणसाचा..."

"शिवाला यात आणू नका. त्यानं सिलिंडर उचलला न्हाई."

मुलगा मधी पडला. "आई, जाऊ दे ना. शेठ बाहेरचा डबा बदलून देतायत. आणि सिलिंडर तर आपणच दिला."

"आपण न्हाई. तू दिलास. आन् मी चहाला गेले. आमच्या दोघांचं आम्ही बघू. शेठनी त्यांचं सांगावं."

शेठ म्हणाले, "तुमचं म्हणणं तरी काय हाय?"

माझं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक, उन्हानं फुटला असं कुणी म्हणायचं नाही, कारण तसं म्हटलं की पुढच्या घरी हाच माणूस नाहीतर याचा भाऊबंद हेच करील, आणि त्या घरात कॉलर धरणारं कुणी नसंल. दुकानात आणखी सहा मेकॅनिक आहेत. सहाही जणांना समोर बसवून त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, काय भरलं आणि काय झालं. दुसरं, नवा डबा बसवताना नायट्रोजन इथं आला पाहिजे. तीन जिने चढून.

"आन् तो तुम्ही आणायचा," मी शेठला म्हणाले.

"मी?"

"सीझनमधी वर चढवायला माणूस नसतो म्हणं तुमच्याकडं. तुम्ही तर मोकळेच दिसताय."

मालक आतून खोकले. तो खोकला नव्हता.

शेठ रागानं गेले. मुलगा माझ्याशी दिवसभर बोलला नाही. सूनबाई माहेरी होती, तिनं फोनवर विचारलं, आई, एवढं ताणायची काय गरज? मी म्हणाले, तुझ्या लेकरांच्या खोलीत हेच मशीन लागणार हाय. नवा डबा येईतोवर मालकांना ओल्या चादरीत ठेवलं, रात्रीचं गच्चीच्या दारात नेऊन बसवलं. त्यांनीही सांगितलं, ढिलं सोडू नको. त्यांना दम लागत होता, तरी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यात लोखंड घासल्याचा आवाज. शेठ पुढं आणि मेकॅनिक मागं, मधी राखाडी सिलिंडर. प्रत्येक मजल्यावर टेकवत आणला. शेठचं भस्म घामानं नाकापर्यंत आलं होतं. मी दार उघडून उभी राहिले. पाणी दिलं. चहा दिला नाही.

"चहा?" शेठनी विचारलं.

"काम झाल्यावर."

नवा डबा बसला. नायट्रोजन भरला. मी रिठे रात्रीच भिजत घातले होते; त्याचा फेस साबणापेक्षा घट्ट होतो आणि टिकतो. दाढीच्या ब्रशनं मी एकेक जोड भिजवत गेले. बाहेरच्या डब्याचे दोन्ही जोड कोरडे. नळीचे दोन जोड कोरडे. मग आतल्या डब्यामागं, भिंतीच्या भोकात, जिथं नळी वळते आणि कुणी हात घालत नाही, तिथल्या नटावर फेसाचा एक बुडबुडा आला. फुगला, फुटला, दुसरा आला.

"हे बघ," मी मेकॅनिकला म्हणाले. "इथनं गेला तुमचा थोडाथोडा."

त्यानं वाकून बघितलं. शेठनीही बघितलं. मुलगा पलंगावरून वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. नटाखाली नळीचं तोंड चिरलं होतं. पहिल्या दिवशी बसवतानाच जास्त आवळलेलं असणार. कापून नवं तोंड केलं, पुन्हा दाब दिला, पुन्हा फेस लावला. काही आलं नाही. मग नळीतली हवा ओढायचं मशीन लावलं. मेकॅनिक दहा मिनिटांत बंद करायला गेला तर मी म्हणाले, अर्धा तास. स्टूल टाकून शेजारी बसले. तो पण बसला. अर्ध्या तासानंतर काटा हलला नाही. मग वजन करून गॅस भरला.

थंड वारा आला तेव्हा मालकांनी मास्क जरा वर केला आणि हात हवेत धरून बघितला, गिऱ्हाइकाच्या घरी बघायचे तसा. "बरोबर हाय," म्हणाले. मग मी चहा ठेवला. चौघांना दिला, माझा शेवटी घेतला.

मेकॅनिकनं सहा जणांसमोर सांगितलं की नाही, हे मी दुकानात जाऊन बघून आले. सांगत होता. मी दारात उभी राहून एका कानानं पूर्ण ऐकलं. "माणसाला चालतो, मशीनला का न्हाई" हे त्यानं गाळलं होतं. मी म्हणाले, ते पण सांग. त्यानं सांगितलं.

कॉम्प्रेसर फुटला त्या दुपारी गच्चीवर मी आणि मेकॅनिक होतो. खाली मालक आणि मुलगा होते. चौघंही जगलो.